मैत्री जमते, श्रेय निकोटीन घेतं

"मला व्यसन वगैरे नाही, मी फक्त मित्रांबरोबर असतानाच ओढतो." कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे अगदी मनापासून सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्यांनाही पटतं. मेंदूच्या दृष्टीने मात्र गोम त्या ‘मित्रांबरोबर असताना’मध्येच आहे.

सिगारेटमुळे ओळखी होतात हे खोटं नाही. नव्या जागी कोणाशी काय बोलावं ते सुचत नसतं, पण ‘माचिस आहे का?’ हे कोणालाही विचारता येतं. मग रोज तोच कोपरा, तीच मधली सुट्टी, तेच चार चेहरे. मैत्री जमते ती या वारंवार भेटण्यामुळे. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री होणार हे तिथे बऱ्याच अंशी दारं किती जवळ आहेत आणि जिन्यावर कोण सारखं भेटतं यावर ठरत होतं. त्यात धुराचा काही संबंध नव्हता.

मग श्रेय सिगारेटला का मिळतं? झुरक्यातलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथल्या चेतापेशींवर ॲसिटिलकोलीन या मेंदूच्या स्वतःच्या रसायनासाठी रिसेप्टर, म्हणजे ते येऊन बसण्याच्या जागा, असतात. ॲसिटिलकोलीन येतं, रिसेप्टर उघडतो, आणि क्षणार्धात एक एन्झाइम ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं. निकोटीन त्याच रिसेप्टरवर बसतं, पण ते या एन्झाइमला तोडता येत नाही, म्हणून रेंगाळतं. रिसेप्टर आधी जोरात प्रतिसाद देतो आणि मग बधिर होतो. सवय लागली की मेंदू अशा रिसेप्टरांची संख्याच वाढवतो. रात्रभरात निकोटीन उतरतं, वाढलेले रिसेप्टर जागे होतात, आणि सकाळी चिडचिड सुरू होते. सिगारेटने ‘टेन्शन उतरतं’ म्हणतात, ते बरंचसं आधीच्या सिगारेटनेच चढवलेलं असतं.

‘मी आपले दुसऱ्याच्या सिगारेटचे दोनच झुरके घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या (PET, मेंदूतल्या घडामोडींचं चित्र घेणाऱ्या तपासणीच्या) अभ्यासात एक-दोन झुरक्यांनीच अल्फा-४ बीटा-२ या जातीचे निम्मे रिसेप्टर व्यापले गेले, आणि तीन तासांनंतरही ते तसेच होते.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. हेच रिसेप्टर व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या मेंदूच्या खोलवरच्या भागातल्या डोपामीन सोडणाऱ्या पेशींवरही असतात. डोपामीनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं फार ढोबळ आहे. ‘आत्ता घडलं ते महत्त्वाचं, पुन्हा कर’ अशी खूण करणं हे त्याचं मोठं काम. निकोटीन दिलेले उंदीर नुसता दिवा लागावा म्हणूनही कळ जास्त वेळा दाबतात. म्हणजे निकोटीन स्वतःची गोडी तर लावतंच, पण आजूबाजूच्या गोष्टींचंही मोल वाढवतं. त्या दिव्याच्या जागी नवे मित्र आणि रंगलेल्या गप्पा आल्या, की मेंदूत माणसं आणि धूर एकत्र नोंदले जातात. पुढे नुसते मित्र दिसले तरी तलफ येते.

 

माणसांची ही साखळी सोडतानाही काम करते. क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन आरोग्य अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातली नाती आणि सिगारेटची सवय तपासून २००८ साली निष्कर्ष मांडले. एका मित्राने सिगारेट सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. एकमेकांशी जोडलेले गटच्या गट साधारण एकाच सुमारास सोडत होते, आणि जे ओढत राहिले ते वर्षागणिक त्या जाळ्याच्या कडेला सरकत गेले.