करवीर–सातारा यादवी

करवीर–सातारा यादवी : मराठ्यांच्या गादीसाठी शाहू छत्रपती आणि महाराणी ताराबाई यांच्यात १७०७ मध्ये पेटलेले, पुढे शाहू विरुद्ध करवीरचे (कोल्हापूरचे) संभाजी असे चाललेले गृहयुद्ध. वारणेच्या तहाने (१३ एप्रिल १७३१) ते कागदावर मिटले. शाळेच्या पुस्तकात ते तिथेच संपते. चिकोडी, हुक्केरी, अथणी, गोकाक या बेळगाव जिल्ह्यातल्या पट्ट्याचा इतिहास पाहणाऱ्याला मात्र तिथे थांबता येत नाही, कारण तहाने आखलेल्या रेषेवरच करवीरकर, पेशव्यांचे सरदार पटवर्धन आणि निपाणीकर देसाई पुढची जवळजवळ शंभर वर्षे भांडत राहिले. म्हणून या नोंदीत दोन्ही पर्वे घेतली आहेत.

भांडणाचे मूळ. शाहूचे वडील संभाजी महाराज यांच्या वधानंतर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व लहानगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला गेले, परत आले आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले आणि पुढची सात वर्षे औरंगजेबाशी लढा चालवला. १७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरजवळ मेला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने उत्तरेकडे जाताना मे महिन्यात शाहूला सोडून दिले. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले, त्यांची सुटका १७१९ मध्ये झाली. मोगलांचा हिशेब सरळ होता : एका गादीला दोन धनी झाले की मराठे आपसात गुंततील. ताराबाईंनी शाहूला तोतया ठरवले. राज्य राजाराम महाराजांनी राखले, तेव्हा ते त्यांच्या मुलाचे, अशी त्यांची बाजू होती. ती केवळ हट्टाची म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या बाईने आलमगिराला सात वर्षे झुंजवले, तिने कैदेतून आलेल्या पुतण्यासाठी मुकाट्याने गादी सोडावी, ही अपेक्षाच मुळात भाबडी.

खेडची लढाई आणि रांगण्याचा वेढा. खानदेशात उतरताच परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर अशी माणसे शाहूला मिळाली. ताराबाईंनी सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्याच्यावर धाडले. भीमेकाठी खेड येथे १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन्ही फौजा भिडल्या, पण निकाल आदल्या बोलण्यांतच लागला होता. हा खरा शाहूच, अशी खात्री पटल्यावर धनाजी त्याला मिळाले. त्या बोलण्यांत बाळाजी विश्वनाथ या कारकुनाचा हात होता. प्रतिनिधी साताऱ्याकडे निघून गेले. काही आठवड्यांतच सातारा पडला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूने तिथे राज्याभिषेक करवून घेतला.

त्यानंतरची मोहीम दक्षिणेकडे वळली. पन्हाळा आणि विशाळगड शाहूच्या हाती आले आणि ताराबाई रांगण्यावर गेल्या. रांगणा सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे, खाली उतरले की कोकण. शाहूच्या फौजेने त्याला वेढा घातला, रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवला आणि ताराबाई मालवणाकडे निसटल्या. मग पाऊस आला. या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. तोफा चिखलात, दाणावैरण कुजलेली, घोडे आजारी, मागची नदी भरलेली. शाहूला वेढा उठवावा लागला. त्याची पाठ वळताच ताराबाईंनी पन्हाळा परत घेतला आणि १७१० च्या सुमारास तिथे वेगळी गादी उभी राहिली. रांगणा पडला असता तर कोल्हापूर संस्थान कदाचित झालेच नसते.

फितुरीची वर्षे. १७०८ ते १७३० या काळात समोरासमोरच्या लढाया थोड्या आणि बाजू बदलणे फार. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी भांडून ताराबाईंकडे गेला आणि तिथून निजामाकडे. त्याचा भाऊ शंभुसिंग शाहूच्याच बाजूला राहिला. प्रतिनिधींच्या घरातही तेच झाले. परशुरामपंतांचा एक मुलगा कृष्णाजी विशाळगडावर करवीरचा प्रतिनिधी झाला, दुसरा श्रीपतराव साताऱ्याचा. असे भाऊ दोन गोटांत वाटले गेले की लढाई कोणीही जिंको, वतन घरातच राहते. हे ठरवून होत असे की आपसूक, याचा निवाडा इतिहासकारांवर सोडलेला बरा. गावच्या भाऊबंदकीत मात्र ही तऱ्हा आजही ओळखीची आहे.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावरच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांची दुसरी राणी राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाई आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकले. म्हणजे यादवीच्या पोटात आणखी एक यादवी. त्याच्या आदल्या वर्षी बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला होता. कान्होजी आंग्र्यांनी ताराबाईंची बाजू घेऊन शाहूच्या आधीच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, पकडले होते. बाळाजीने आंग्र्यांना लढून नव्हे तर समजुतीने शाहूकडे ओढले, आणि त्यामुळे करवीरचा कोकणातला मोठा आधार तुटला.

निजामाची खेळी. १७२७ मध्ये निजामाने जुनाच डाव नव्याने मांडला. चौथाई-सरदेशमुखी नेमकी कोणाला द्यायची, शाहूला की संभाजीला, असा सवाल टाकून त्याने वसुली अडवली आणि संभाजीला आपल्या छावणीत घेतले. करवीरचे छत्रपती निजामाच्या फौजेबरोबर पुण्यापर्यंत आले. थोरल्या बाजीरावाने निजामाच्या मुलखातून घोडदौड करत त्याला तोफखान्यापासून दूर ओढले आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ कोंडले. ६ मार्चच्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला संभाजीचा पक्ष सोडावा लागला. पालखेडचे वर्णन बहुतेक वेळा बाजीरावाच्या युद्धकौशल्याचा नमुना म्हणून होते. यादवीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की करवीरला बाहेरचा पाठीराखा उरला नाही.

वारणेची चढाई आणि तह. १७३० च्या सुरुवातीला संभाजी आणि उदाजी चव्हाण वारणेकाठी तळ देऊन होते. श्रीपतराव प्रतिनिधीने एकाएकी छापा घालून तळ उधळला. संभाजी पन्हाळ्याकडे निसटला, पण ताराबाई, राजसबाई आणि संभाजीची राणी जिजाबाई शाहूच्या हाती लागल्या. शाहूने त्यांना मानाने वागवले आणि परत पाठवायची तयारी दाखवली. ताराबाईंनी मात्र परत जाण्यापेक्षा साताऱ्यात राहणे पसंत केले. पन्हाळ्याची कैद त्या विसरल्या नसाव्यात. पुढच्या वर्षी चुलतभावांची कऱ्हाडजवळ भेट झाली आणि तह ठरला.

या तहातली भूगोलाची कलमे सीमाभागाने नकाशा समोर ठेवून वाचावीत अशी आहेत. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरला मिळाला. हरिपूरजवळच्या वारणा-कृष्णा संगमापासून खाली तुंगभद्रेच्या संगमापर्यंत कृष्णेच्या दक्षिण तीराचा प्रदेशही करवीरचा ठरला. मिरज आणि विजापूर प्रांतातली ठाणी, त्यांत अथणी आणि तासगाव, शाहूकडे गेली. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे जिंकले जाईल ते निम्मे-निम्मे. वडगावचा कोट पाडायचा, आणि एकाने काढलेला चाकर दुसऱ्याने ठेवायचा नाही. फितुरीला आळा घालण्यासाठी हे शेवटचे कलम किती गरजेचे होते, ते वर आलेच आहे. आज अथणी आणि चिकोडी एकाच जिल्ह्यात आहेत, पण अथणी कृष्णेच्या उत्तरेला आणि चिकोडी दक्षिणेला. १७३१ साली ही दोन गावे दोन राज्यांत पडली ती केवळ नदीमुळे. मिरज तर मोगलांकडेच होते. ते शाहूने १७३९ मध्ये वेढा घालून घेतले.

पेशव्यांचा शिरकाव. शाहू डिसेंबर १७४९ मध्ये निपुत्रिक वारला. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाला गादी मिळाली आणि वर्षभरातच, नोव्हेंबर १७५० मध्ये, त्यांनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडले. त्यांच्या मदतीला गुजरातहून आलेल्या दमाजी गायकवाडाचा पेशव्यांनी १७५१ मध्ये पाडाव केला. याच सुमारास करवीरकरांनी सदाशिवरावभाऊला आपले पेशवेपद देऊ केले. बरोबर पारगड, कलानिधीगड आणि चंदगड हे किल्लेही होते. बेळगावच्या पश्चिमेला डोंगर लागला की हेच किल्ले, आणि कोकण-गोव्याकडे उतरणाऱ्या वाटा यांच्याच नजरेखाली. भाऊला काय देऊ केले होते, हे त्या वाटांवरून चालल्याशिवाय नीट उमगत नाही. ज्येष्ठ चुलतभावाने, नानासाहेब पेशव्याने, पुण्यातच अधिकार देऊन त्याला थांबवले आणि करवीरचा बेत बारगळला.

पटवर्धनांशी वैर. संभाजी १७६० च्या डिसेंबरात वारला. पेशव्यांचा डोळा करवीर खालसा करण्यावर होता, पण जिजाबाईंनी ते होऊ दिले नाही आणि १७६२ मध्ये दत्तक घेऊन राज्य राखले. थोरल्या माधवरावाने दुसरा उपाय केला. त्याने गोविंद हरी पटवर्धन आणि त्यांच्या घराण्याला मिरजेपासून दक्षिणेकडे मोठा सरंजाम दिला. पटवर्धनांना दोन कामे होती : म्हैसूरच्या हैदरला थोपवायचे आणि करवीरवर नजर ठेवायची. पहिले काम त्यांनी जीव ओतून केले. दुसऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर जन्मले. करवीरचे चिकोडी आणि मनोळी हे तालुके त्या वैरातले कायमचे हाड. ते जप्त होत, परत मिळत, पुन्हा जप्त होत.

पेशवेपदासाठीच्या राघोबादादाच्या भांडणात करवीरने त्यांची बाजू घेतली, कारण पटवर्धन बारभाईंच्या, म्हणजे राघोबांविरुद्ध उभ्या पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, बाजूला होते. हैदरही राघोबांकडे होता. जानेवारी १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत हैदरच्या फौजेने कोन्हेरराव पटवर्धनांना मारले आणि पांडुरंगरावांना कैद केले. पुढच्या वर्षी महादजी शिंदे करवीरवर चालून आले आणि खंडणीच्या करारावर परतले. सीमाभागातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हैदरचे, पुण्याचे, करवीरचे घोडे सारखेच. उभे जोंधळे सगळ्यांनीच चारले.

पट्टणकुडी, १७९९. या पर्वाची सगळ्यात रक्तरंजित मोहीम परशुरामभाऊ पटवर्धनांची. टिपूविरुद्ध धारवाड घेणारे आणि खर्ड्याला मराठी फौजा चालवणारे हे सेनानी, पण करवीरशी त्यांचे गणित कधीच जुळले नाही. आळते येथे त्यांचा मुलगा रामचंद्रपंत हरला होता. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७९५) पुण्यात वारसाचा घोळ माजला, तेव्हा नाना फडणविसांनी परशुरामभाऊंविरुद्ध करवीरच्या शिवाजी महाराजांना उठवले आणि करवीरच्या फौजेने तासगावचा भाऊंचा वाडा जाळला. नाना आणि भाऊंचे पुन्हा जमले तेव्हा भाऊंनाच करवीरवर पाठवण्यात आले. करवीरच्या बाजूला आता साताऱ्याच्या छत्रपतींचा भाऊ चतुरसिंग येऊन मिळाला होता. नव्वद वर्षांपूर्वी याच दोन घरांत युद्ध पेटले होते. आता ती दोन्ही एकत्र, आणि समोर उभा पेशव्यांचा सरदार.

सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडी-निपाणी भागातल्या पट्टणकुडी येथे गाठ पडली. पटवर्धनांची फौज मोडली आणि परशुरामभाऊ ठार झाले. लगेच पटवर्धन आणि शिंद्यांच्या फौजांनी सूड म्हणून कोल्हापूरला वेढा घातला. मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस वारले, पुण्यातली घडी विस्कटली आणि वेढा उठला. एरवी कोल्हापूर पडलेच असते.

निपाणीचा दावेदार. जागा रिकामी झाली की कोणी तरी बसतोच. सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणीकर, १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्याच्या मोहिमेत इंग्रजांबरोबर होते. सरलष्कर हा किताब आणि चिकोडी-मनोळीची सनद त्यांना पेशव्यांकडून मिळाली. करवीरकरांनी ती मानली नाही आणि लढाया सुरूच राहिल्या. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या देसगतीच्या या मुलखात देसाई कधी एका छत्राखाली, कधी दुसऱ्या. शेवटी पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने मध्ये पडून १८१२ मध्ये करवीरशी तह केला. महाराजांनी चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला आणि मालवण इंग्रजांना दिले. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली. इंग्रज सेनानी मन्रोने २१ दिवसांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल १८१८ रोजी बेळगावचा किल्ला घेतला आणि मदतीबद्दल करवीरला बक्षीस दिले. बक्षीस म्हणजे पुन्हा चिकोडी आणि मनोळीच. १८२७ च्या तहाने ते काढूनही घेतले. निपाणीकर १८३९ मध्ये औरस वारसाशिवाय वारले आणि त्यांची जहागीर खालसा झाली.

नकाशात उरलेले. इंग्रजी अमलातला बेळगाव जिल्हा रंगीत तुकड्यांच्या गोधडीसारखा दिसे. बेळगाव शहराला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानात, म्हणजे पटवर्धनांकडे. रायबाग आणि कटकोळ कोल्हापूरकडे. मधली कित्येक खेडी कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग अशा संस्थानांची. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सरकारे, दोन जकाती. १९४८ मध्ये पटवर्धनी संस्थाने विलीन झाली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर, आणि रायबाग बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले.