शिक्षक विनिमय म्हणजे परदेशातली नोकरी नव्हे

सोलापुरातील माध्यमिक शाळांच्या शिक्षकखोल्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: परदेशी विनिमय कार्यक्रम कॉन्व्हेंटच्या शिक्षकांसाठीच असतात, त्यासाठी लाखो रुपये भरावे लागतात आणि गेलेला माणूस तिकडेच नोकरीला लागतो. या समजापायी आपल्याकडचे उत्तम शिक्षक अर्जच करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक विनिमय योजनेतील माध्यमिक शिक्षकांसाठीच्या ‘टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट’ कार्यक्रमाचेच पाहा. निवड झालेला शिक्षक सुमारे ६ आठवडे अमेरिकेतील विद्यापीठात प्रशिक्षण घेतो, तिथल्या शाळेत स्थानिक शिक्षकाबरोबर वर्गावर उभा राहतो आणि परततो. विमानभाडे, राहणे व विमा यांचा खर्च अमेरिकी सरकार उचलते आणि अर्जाला शुल्क नसते. तेव्हा ‘फॉर्मचे पैसे’ मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. इंग्रजी चांगले लागते, हे खरे. पण विषय इंग्रजीच हवा असे नाही, गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे शिकवणारेही चालतात. राहिला नोकरीचा प्रश्न: सरकारी खर्चाने जे-१ या विनिमयासाठीच्या व्हिसावर गेलेल्याला, सवलत मिळाल्याखेरीज, मायदेशी २ वर्षे राहिल्याशिवाय तिथे कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गल्लत होते: पुरस्कार आणि विनिमय एकच मानले जातात. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली मिळालेला ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार होता. विनिमयासाठी असा पुरस्कार आधी गाठीशी असावा लागत नाही.