सातपुड्याच्या नाल्यातली अनामिक माशी

पावसाळा सरल्यावर तोरणमाळ किंवा पालच्या बाजूला गेलात, तर वाहत्या नाल्यातला शेवाळलेला दगड अलगद उचलून नीट न्याहाळा. दोन-चार मिलिमीटरचं, बाजूंनी चपटं, चष्म्याच्या पाकिटासारखं काही सरकताना दिसलं, तर ते सूक्ष्म कॅडिस माशीच्या अळीचं घर असू शकतं.

कॅडिस माश्या फुलपाखरांच्या सगळ्यात जवळच्या नातेवाईक. फुलपाखराच्या पंखांवर खवले असतात, यांच्या पंखांवर केस. त्यांतलं सर्वांत मोठं कूळ सर्वांत लहान माश्यांचं: हायड्रोप्टिलिडी. जगभरात त्याच्या २,०००हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि अजून नव्या सापडतच आहेत. अळी चार अवस्था उघडीच काढते. पाचव्या, शेवटच्या अवस्थेत मात्र रेशीम काढून, त्यात वाळू किंवा शेवाळाचे धागे गुंफून घर बांधते. यांतल्या कितीतरी अळ्या शेवाळाची एकेक पेशी फोडून आतला रस शोषतात.

नवी जात ठरवायची कशी? अंधार पडल्यावर नाल्याकाठी पांढरी चादर बांधून अतिनील दिवा लावतात. चादरीवर बसलेल्या माश्या अल्कोहोलमध्ये गोळा करतात. रंगावरून फारसं काही कळत नाही, बहुतेक करड्या-तपकिरी. खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियांत असते. ते टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवलं की मांस विरघळतं, कठीण कवच उरतं. मग ग्लिसरिनच्या थेंबात, मायक्रोस्कोपखाली, वरून, खालून, बाजूने चित्रं काढायची. एखादा काटा डावीकडे वळलेला, एखादी पट्टी टोकाशी दुभंगलेली, एवढ्यावर जात वेगळी ठरते. मला हे चित्र काढणं या कामाचं काळीज वाटतं. हात चित्र काढत असतो तेव्हाच डोळा खरं पाहायला शिकतो.

त्यानंतर आधी वर्णन झालेल्या जवळच्या जातींशी ताळा घालायचा. वेगळेपण पक्कं झालं की एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून निवडायचा आणि तो सर्व अभ्यासकांना पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवायचा. २०००पासून असा नमुना किंवा नमुन्यांचा संच स्पष्टपणे नेमल्याशिवाय नव्या जातीचं नाव ग्राह्य धरलं जात नाही.

बहुतेक वर्णनं नरावरच थांबतात. त्याची अळी कोणती, हे कोरंच राहतं. पण माशी होण्याच्या बेतातला नर कोश सापडला, तर बंद घरात अळीची टाकलेली कातही मिळते. एकाच घरात दोन्ही अवस्थांचा पुरावा! त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. चिमटा, बरा मायक्रोस्कोप आणि चिकाटी पुरते. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी हे काम हाती घ्यावं, आणि उन्हाळ्याची वाट पाहू नये. होळीनंतर यांतले बरेच नाले आटायला लागतात.