हायवेने गेलात, तर समुद्र कुठून दिसणार?

"मुंबई-गोवा हायवेने गेलो, पण अख्ख्या कोकणात समुद्र काही दिसला नाही हो." दर मे महिन्यात कोणी ना कोणी हे मला ऐकवतंच, आणि तेही फसवणूक झाल्याच्या सुरात. अहो, तो रस्ता समुद्राकाठचा नाहीच. समुद्राकाठचा रस्ता वेगळा, त्याचं नाव सागरी महामार्ग. दोन्ही मुंबईच्या बाजूने निघून गोव्याच्या हद्दीला टेकतात, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

हायवे तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. पनवेल, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ. पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६. पनवेल ते कुडाळजवळचं झाराप ४५० किलोमीटर. चौपदरीकरणाची रडकथा इथे नको, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांचे जुने वड-पिंपळ तोडले त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

सागरी महामार्ग रेवसपासून रेडीपर्यंत. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातलं हे स्वप्न. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. नकाशावर सलग रेघ दिसते, प्रत्यक्षात ते जोडकाम आहे. कुठे छान दुपदरी डांबरी, कुठे दोन घरांच्या गडग्यांमधून आरसा मिटून काढावा लागणारा गल्लीबोळ. मुंबईतला वरळीकडे जाणारा कोस्टल रोड हे तिसरंच प्रकरण, त्याचा इथे काही संबंध नाही.

घोळाला थोडा हातभार मोबाइलवरच्या व्हिडिओंचाही आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधून हायवे, असं जे दृश्य फिरतं ते कर्नाटकातल्या मरवंथेचं. रस्ता तोच, ६६ नंबर, कारण तो पुढे पार कन्याकुमारीकडे जातो. पण मरवंथेची लाट चिपळूणच्या बायपासवर शोधायची म्हणजे कमाल झाली.

आता खरी मेख. लोकांना वाटतं, एक रस्ता आत आहे, एक बाहेर आहे, फरक फक्त देखाव्याचा. फरक नद्यांचा आहे. कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि पश्चिमेला समुद्राला मिळतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला त्या ओलांडाव्याच लागतात. हायवे त्यांना वरच्या अंगाला गाठतो, जिथे पात्र आवाक्यात असतं. सागरी महामार्ग त्यांना मुखापाशी गाठतो, जिथे नदीची खाडी झालेली असते. सावित्री हायवेला महाडला भेटते, सागरी महामार्गाला बाणकोटला. वाशिष्ठी तिकडे चिपळूणला, इकडे दाभोळला. शास्त्री तिकडे संगमेश्वरला, इकडे जयगडला. अर्जुना तिकडे राजापूरला, इकडे जैतापूरला.

ही नावं जोडीने वाचा, म्हणजे हायवेवरची गावं तिथेच का वसली तेही कळेल. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं आत जिथवर येत, तिथे माल उतरायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. महाड, चिपळूण, राजापूर ही अशी बंदरं. राजापुरात इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. किनाऱ्याकिनाऱ्याने जायला लोकांना रस्ता लागतच नव्हता, त्यांच्याकडे होड्या होत्या, नंतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट आली. म्हणून आतला रस्ता जुना आणि सलग, बाहेरचा नवा आणि तुटक. आतल्याची दुखणीही नदीचीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात वाहून गेला.

बाहेरच्या रस्त्याचं दुखणं म्हणजे जेट्टी. काही खाड्यांवर पूल झाले, जैतापूरला आहे, पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडी फेरीबोटीवर चढवूनच पलीकडे जायची सवय ठेवा. दाभोळला पाणी ओलांडायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. तीच खाडी टाळून चिपळूणवरून फिरलात, तर शंभराच्या वर किलोमीटर पडतात. म्हणून या रस्त्यावर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, फेरीची वेळ मोजायची.

मी ती मोजली नव्हती. गुहागरला मासे जरा जास्तच झाले, हेदवीला उगाच रेंगाळलो आणि तवसाळला पोचेस्तोवर शेवटची फेरी गेलेली. समोर जयगडचे दिवे, मध्ये काळं पाणी आणि फोनमधला नकाशा ठामपणे सांगतोय, सरळ जा. टपरी बंद करणाऱ्या काकांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "पुण्याचे का?" राई-भातगावच्या पुलावरून वळसा घालून गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा भक्तनिवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फक्त कुत्री जागी होती.

तेव्हा गोव्याला पोचायचं असेल तर हायवे, आणि समुद्राबद्दल बोलायचं नाही. कोकण बघायचं असेल तर सागरी, पण सबंध एका दमात मुळीच नको. तीन दिवसांत रेवस ते रेडी करणाऱ्यांनी फक्त जेट्ट्या पाहिलेल्या असतात. एकच तुकडा निवडा. माझी पसंती दाभोळ ते रत्नागिरी, कारण त्यात दोन खाड्या आहेत आणि शेवटी आरे-वारेचा चढ. वर पोचलात की गाडी बाजूला घ्या, खाली आरे आणि वारे हे दोन्ही किनारे एकदम दिसतात. आणि हायवेनेच जाणार असाल, तरी संगमेश्वरच्या कसब्यात कर्णेश्वराच्या देवळाशी थांबा. हायवेपासून ते लांब नाही, तरी बहुतेकजण मिसळीसाठी थांबतात आणि देवळासाठी थांबत नाहीत.

हो, आणखी एक. जंजिऱ्याला जायला होड्या सुटतात ती राजापुरी, मुरूडजवळ. राजापूर पार रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. फोनमध्ये नाव घालताना शेवटची वेलांटी बघून घ्या.