डिझेलचा हात मारलेली गाडी : मालवाहू गाड्यांच्या धुलाईबाबत आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गाडी धुवायला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न चिपळूणजवळच्या आमच्या वॉशिंग सेंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतेच. रॅम्पवर उभ्याउभ्या, पंपाच्या आवाजात त्याचे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून दिलेले बरे, असे वाटल्यावरून हे पत्रक काढले आहे. सहा चाकी ट्रकची केबिन, हौदा (माल भरण्याचा भाग) आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) व्यवस्थित धुण्यास आम्हाला साधारण दीड तास लागतो. त्याच मापाच्या गाडीला अडीच तास लागले, तर त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : येण्यापूर्वी गाडीला डिझेलचा हात मारलेला असतो.

डिझेलचा हात म्हणजे काय, हे आमच्या ग्राहकांना सांगायला नको. जुन्या बनियनचा बोळा डिझेलमध्ये बुडवायचा आणि बॉनेटपासून हौद्याच्या मागच्या झडपेपर्यंत, म्हणजे फाळक्यापर्यंत, फिरवायचा, की दहा मिनिटांत विटलेला लाल रंग दसऱ्याला काढल्यासारखा दिसू लागतो. क्लीनरला ते काम आवडते, मालकाला ती चकाकी आवडते आणि खर्चही दिसत नाही. ही चकाकी खोटी का, ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. हौद्यावरचा हाताने मारलेला इनॅमल रंग उन्हाने भुकटतो, त्याचा वरचा थर खडबडीत होतो आणि त्यावर पडणारा उजेड विखुरल्यामुळे रंग पांढुरका दिसतो. तेल त्या बारीक खड्ड्यांमध्ये बसले, की पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होऊन रंग गडद भासतो. रंग सुधारलेला नसतो. तो फक्त ओला असतो. डिझेलमधला हलका भाग उन्हात उडून जातो आणि जड, चिकट भाग मागे राहतो.

पुढचे काम आपल्याकडचा रस्ता करतो. जांभ्याच्या खाणीवरून चिरा भरून आलेल्या गाडीवरची तांबडी धूळ आपण सर्वांनी पाहिली आहे. कोरड्या रंगावर बसलेली ती धूळ पाण्याच्या पहिल्या फवाऱ्यात निम्म्याहून अधिक निघून जाते. डिझेलवर बसली, तर तिचा लेप होतो. त्या लेपावर पुन्हा कोरडा बोळा फिरवणे म्हणजे रंगावर पॉलिशपेपर मारणेच होय. केबिनच्या दारावर, विशेषतः हँडलभोवती, गोल गोल ओरखड्यांची जी जाळी दिसते, ती अशाच रोजच्या पुसण्यातून तयार होते.

डिझेलमुळे गंज धरत नाही, असे पुष्कळ जुने चालक सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे असल्यामुळे ते खोडून काढणे आम्हाला जड जाते. तेलाचा थर काही दिवस पाणी दूर ठेवतो, हे खरेच आहे. परंतु तो थर धूळ धरतो, धूळ ओल धरते, आणि मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी घेऊन येणाऱ्या गाडीत ती ओल खारी असते. मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेते. त्यामुळे वरून सुकलेला दिसणारा चिखल आतून दमटच राहतो आणि पत्रा त्याच्याखाली सावकाश खाल्ला जातो.

गाडीला डिझेल लागलेले आहे की नाही, हे आम्ही गाडी आत घेण्यापूर्वी ग्राहकासमोर पाहतो. दारावर मगभर पाणी ओततो. जुन्या, भुकटलेल्या पण स्वच्छ रंगावर पाणी पसरते आणि रंग सारखा ओला दिसतो. डिझेल लागलेल्या दारावर ते फुटते, थेंब होऊन घरंगळते आणि मध्येच कोरडे पट्टे राहतात. ‘बघा, पाणी मोत्यासारखे पळते आहे, म्हणजे पॉलिश चांगले आहे,’ असे एका ग्राहकाने आम्हाला अगदी अभिमानाने सांगितले होते. वॅक्सवरही पाणी असेच पळते, त्यामुळे त्यांचा समज चुकीचा होता असे म्हणवत नाही. म्हणून आम्ही पुढची परीक्षाही घेतो : तीच जागा सुकवून पांढऱ्या कापडाने अंगठ्याच्या दाबाने एकदा पुसतो. वॅक्स असेल तर कापड जवळजवळ पांढरेच राहते. डिझेल असेल तर त्यावर तपकिरी पट्टा उमटतो आणि कापड नाकाजवळ नेल्यावर दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

अशा गाडीवर शाम्पूचा फेस टिकत नाही, तेलात विरून खाली येतो. आधी तेल काढणारे डिग्रीझर मारावे लागते, ते मुरण्यासाठी थांबावे लागते, धुवावे लागते आणि हौद्याच्या फळ्यांच्या सांध्यांत, नटबोल्टभोवती व दिव्यांच्या कडांना ते दुसऱ्यांदा मारावे लागते. त्यानंतर आमची नेहमीची धुलाई सुरू होते. यासाठी आम्ही वेगळा आकार लावतो आणि तो गाडी आत घेण्यापूर्वीच सांगतो. काहींना हा जादा पैसे काढण्याचा मार्ग वाटतो. त्यांनी त्या वेळी ड्रेनमधून वाहणारे पाणी स्वतः पाहावे. ते पाणी आम्हाला थेट गटारात सोडता येत नाही. तेल वर तरंगून वेगळे होईल अशा टाकीतून ते न्यावे लागते आणि ती टाकी उपसण्याचा खर्चही आमचाच असतो.

सुरुवातीच्या काळात आम्हीही या बाबतीत फसलो आहोत. एका दहा चाकी गाडीच्या केबिनला नीट तपासणी न करता वॅक्स लावले आणि आठवड्याभरात ते नायट्यासारखे चट्ट्याचट्ट्यांनी गेले. तेलकट रंगावर वॅक्स धरतच नाही. ते काम आम्ही पुन्हा विनामूल्य करून दिले, आणि पाण्याचा मग तेव्हापासून रॅम्पजवळच ठेवला आहे.

बॉडीपेक्षा अधिक नुकसान खालच्या बाजूला होते. धुतल्यानंतर चासीवर आणि पाट्यांवर (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांवर) डिझेलचा किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारून द्या, अशी मागणी आमच्याकडे नेहमी होते, आणि इतरत्र तो फवारा फुकट मिळतो हेही आम्ही ऐकतो. आम्ही तो मारत नाही. डिझेलने नैसर्गिक रबर फुगते आणि नरम पडते. पाट्यांचे बुश, दारांचे बीडिंग आणि मडफ्लॅप यांचे आयुष्य त्यामुळे कमी होते. फवारा ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचला, तर परशुराम घाट उतरताना त्याचा काय परिणाम होईल, हे चालकाला सांगण्याची गरज नाही. पाटे करकरत असतील तर त्याचा इलाज ग्रीसिंग हा आहे, आणि धुलाईनंतर ते करून घेण्याचा आमचा आग्रह असतो. जोराच्या पाण्याने किंगपिन, शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस या हलत्या सांध्यांमधले ग्रीस काही प्रमाणात निघते व पाणी आत राहण्याची शक्यता असते. निपलमधून, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोंडातून, नवे ग्रीस भरून जुने बाहेर येऊ दिले, की ते पाणीही त्याबरोबर निघते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या, आदल्या दिवशी येते. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी अशी जी परावर्तक पट्टी गाडीला लावलेली असते, तिच्या कडांखाली डिझेल शिरले की गोंद सुटतो आणि कोपरे वर येतात. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला ही धावपळ दरवर्षी करावी लागणार. पट्टी साध्या पाण्याने व मऊ कापडाने पुसावी. नोझल तिच्या कडेवर आडवे धरू नये.

मग करायचे काय, असे कोणी विचारले, तर आमचे पहिले उत्तर साधे पाणी हे आहे. मीठ पाण्यात विरघळते. ते काढण्यासाठी कोणत्याही महागड्या औषधाची गरज नाही, गरज आहे ती वेळेवर धुण्याची. मासळीची गाडी रिकामी झाली, की त्याच दिवशी हौद्याची जमीन, फाळक्याची आतली बाजू, बिजागऱ्या आणि बर्फाचे पाणी जिथून गळते तो चासीचा भाग भरपूर पाण्याने धुवावा. चासीची लांब पट्टी आतून पन्हळीसारखी असते आणि चिखल तिच्या खालच्या ओठावर साठतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्या बाहेरून चालकांनी स्वच्छ धुतलेल्या होत्या, पण त्या ओठावर बोट घातले की मऊ गाळ हाताला लागत असे. पावसाळ्यात प्रत्येक गाडीची तीच जागा आम्ही आधी पाहतो, आपणही पाहावी.

धुण्याची एक पद्धत आहे आणि ती उलटी वाटते. शाम्पू आम्ही खालून वर मारतो आणि पाणी वरून खाली सोडतो. कोरड्या, मळक्या पत्र्यावर वरून शाम्पू सोडला तर त्याचे ओघळ खाली उतरतात आणि त्यांच्या रेघा धुतल्यावरही दिसत राहतात. शाम्पू रंगावर सुकू द्यायचा नाही, म्हणून उन्हात उभी असलेली गाडी आम्ही आधी शेडमध्ये घेतो. केबिनचा ब्रश आणि चाकांचा ब्रश वेगळे असतात. कपड्यांची पावडर आम्ही वापरत नाही आणि आपणही वापरू नये. ती क्षारयुक्त असते, तेल काढते हे खरे, पण वॅक्सही काढते आणि नीट न धुतल्यास सांध्यांमध्ये पांढरी राहते.

कुंभार्ली घाट उतरून आलेली गाडी आम्ही लगेच रॅम्पवर घेत नाही, याचा काही चालकांना राग येतो. ब्रेक ड्रम ओतीव लोखंडाचे असतात. तापलेल्या ड्रमवर एकदम गार पाणी पडले तर त्याला चीर जाऊ शकते, म्हणून अर्धा तास थांबावे लागते. त्या अर्ध्या तासात समोरच्या टपरीवर चहा चांगला मिळतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक मर्यादा पाळणाऱ्या) गाड्यांमध्ये पाण्याचा झोत कुठे मारू नये, हे धुण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे. एअर इनटेकचे तोंड, बॅटरी, वायरिंगचे जोड आणि सायलेन्सरच्या बाजूचे सेन्सर यांवर आम्ही जोराचे पाणी सोडत नाही. निळ्या झाकणाच्या टाकीभोवती पांढरे खडे दिसले, तर तो सांडलेल्या डीईएफमधला (धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या द्रवातला) युरिया असतो. झाकण घट्ट बंद करून तो साध्या पाण्याने धुतला की निघतो, खरवडू नये. बाकी ठिकाणीही नोझल रंगापासून हातभर दूर असावे. टायरच्या बाजूच्या भिंतीजवळ तर ते कधीच नेऊ नये.

संरक्षणासाठी आम्ही दोन कामे करतो. केबिनला वॅक्स, जे आमच्या अनुभवात कोकणातल्या पावसात दोन-अडीच महिने काम देते. आणि चासीला काळा अंडरबॉडी थर. यातल्या दुसऱ्या कामाबाबत आम्ही हट्टी आहोत. गंज तारेच्या ब्रशने काढून, रेड ऑक्साइड मारून आणि चासी पूर्ण सुकल्यावरच तो थर द्यावा लागतो. ओल्या चिखलावर मारलेला काळा थर दिसायला नवा दिसतो आणि आत ओल कोंडून पत्रा अधिक लवकर खातो. पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावी लागतात. यासाठी गाडी दोन दिवस आमच्याकडे राहते, म्हणून मृग लागायच्या आठवड्यात येण्याऐवजी एप्रिलमध्ये यावे. मे महिन्यात रांग रस्त्यापर्यंत जाते. हौदा नव्याने रंगवून घेतला असेल, तर पहिले तीन आठवडे जोराच्या पाण्याने धुण्यासाठी आणू नये. वरून सुकलेला इनॅमल आतून कडक व्हायला वेळ घेतो.

गाडी आणताना हौदा रिकामा असावा, ताडपत्री व दोर काढून ठेवावेत आणि शेवटची भरती कशाची होती ते सांगावे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे ड्रम वाहून आलेल्या गाडीबाबत तर हे न सांगता गाडी आत घेतली जाणार नाही, कारण धुणारा मुलगा अनवाणी नसला तरी त्याचे हात उघडे असतात. दर महिन्याला दोन धुलाया व ग्रीसिंग एकत्र ठरवणाऱ्या मालकांना आम्ही सवलत देतो आणि त्यांच्या गाड्यांची नोंद वहीत ठेवतो, त्यामुळे थर कधी दिला होता हे चालक बदलला तरी कळते. डिझेल लावलेले असल्यास लपवू नये. आधी कळले, तर त्या गाडीला आम्ही सकाळची पहिली वेळ देतो. डिग्रीझर मुरेपर्यंत दुसरी गाडी धुऊन होते आणि दोघांचाही खोळंबा होत नाही.