ब्रिटनचा होमगार्ड आणि आपला होमगार्ड

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पोलिसांच्या शेजारी दोर धरून उभा असलेला खाकी गणवेशातला होमगार्ड आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर जर्मन छत्रीधारी सैनिकांच्या पाळतीवर रात्र जागवणारा होमगार्ड, हे दोघे एकाच नावामुळे एकच समजले जातात. दोघेही स्वयंसेवक हे खरे, पण एक सैन्याचा हात होता आणि दुसरा पोलिसांचा आहे.

जर्मन छत्रीधारी हॉलंडमध्ये उतरल्यानंतर चारच दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी सैन्याबाहेरच्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना रेडिओवरून हाक दिली. जुलै संपण्यापूर्वीच नावे नोंदवणाऱ्यांची संख्या दहा लाखांपुढे गेली. ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स’ हे आरंभीचे नाव चर्चिल यांच्या आग्रहामुळे जुलैत बदलून ‘होम गार्ड’ झाले. पहिल्या आठवड्यांत अनेकांकडे शिकारीची बंदूक आणि दंडावरचा कापडी पट्टा एवढेच होते. पण तो पट्टा क्षुल्लक नव्हता. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीनुसार लढवय्याला जबाबदार अधिकारी, दुरून ओळखू येणारी खूण आणि उघडपणे बाळगलेले शस्त्र आवश्यक असते. त्याशिवाय शस्त्र उचलणाऱ्या नागरिकाला युद्धकैद्याचे संरक्षण मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणूनच ब्रिटिश सरकारने या दलाला आरंभापासून सशस्त्र सेनेचा भाग ठरवून लष्करी कायद्याखाली आणले. १९४२ पासून तर त्यात सक्तीची भरतीही होऊ लागली, आणि आक्रमणाचा धोका टळल्यावर ३ डिसेंबर १९४४ रोजी त्याचे काम थांबवण्यात आले.

आपल्या दलाचा जन्म परकीय आक्रमणाच्या भीतीतून झालेला नाही. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींनी शहर होरपळत असताना, मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ते मुंबईत उभे राहिले आणि १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार मिळाला. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला हा कायदा पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार आणि संरक्षण देतो, सैनिकाचे नव्हे. त्यामुळे त्याला ‘अर्धा सैनिक’ म्हणून तोलणे मला अन्यायाचे वाटते. दंगलीत दोन जमावांच्या मध्ये उभे राहायला लागणारे धैर्य वेगळ्या जातीचे असते, आणि तेही आपला कामधंदा सांभाळून, बहुधा केवळ ड्यूटीच्या दिवसांच्या भत्त्यावर.

गोंधळ वाढतो तो १९६२ मुळे. चीनच्या आक्रमणानंतर केंद्राने राज्याराज्यांतील स्वयंसेवी दले होमगार्ड या एकाच नावाखाली आणण्यास सांगितले, आणि पुढे पंजाब, राजस्थान, गुजरात यांसारख्या राज्यांत सीमा सुरक्षा दलाच्या मदतीसाठी होमगार्डच्या सीमा शाखेच्या तुकड्या उभ्या राहिल्या. आपला होमगार्ड ब्रिटिश होमगार्डच्या सर्वांत जवळ येतो तो या तुकड्यांत.