सीजीपीए कसा काढतात आणि टक्केवारीचा दाखला कसा मिळवायचा

ऑनलाइन अर्जात ‘पदवीची टक्केवारी’ असा रकाना येतो आणि मार्कशीटवर नुसता सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी, छापलेला असतो. बरेच जण सरळ ९.५ ने गुणून मोकळे होतात. तो आकडा सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या श्रेणी पद्धतीचा. पदवीला तो लावायचं काहीच कारण नाही.

आधी हिशेब. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा गुणांच्या पद्धतीत ओ ग्रेड म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास किंवा गैरहजर म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. थिअरीचा आठवड्याला एक तास म्हणजे साधारण एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्यासाठी दोन तास लागतात. विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट करायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. हा झाला त्या सेमिस्टरचा एसजीपीए.

समजा क्रेडिट ४, ४, ४, ३, ३, २ आणि ग्रेड अनुक्रमे ए, बी प्लस, ए प्लस, बी, ए, ओ. गुणाकार ३२, २८, ३६, १८, २४, २०. बेरीज १५८, भागिले २०, म्हणजे ७.९०. यातला पहिला पेपर राहिला तर ३२ गेले, पण भाजक २०च राहतो आणि एसजीपीए ६.३० वर येतो. चार क्रेडिटचा विषय ऑप्शनला टाकणाऱ्यांनी हे बघून ठेवावं. काही विद्यापीठं तर बॅकलॉग निघेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

सीजीपीए काढताना सेमिस्टरची साधी सरासरी घेऊ नका. पहिलं सेमिस्टर २० क्रेडिट, ७.९०, दुसरं २४ क्रेडिट, ७.००. साधी सरासरी ७.४५ येते, पण खरा हिशेब १५८ अधिक १६८, भागिले ४४, म्हणजे ७.४१.

आता टक्केवारी. सूत्र तुमच्या विद्यापीठाचं लागतं. अनेकदा ते मार्कशीटच्या मागेच छापलेलं असतं. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) सूत्रात सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणतात. त्यानुसार ७.४१ चे ६६.६ टक्के होतात, तर ९.५ ने गुणलं की ७०.४. कागदपत्रं तपासताना एवढा फरक लपत नाही.

म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचा दाखला घ्यावा. साधारणपणे सर्व सेमिस्टर पास झाल्यावरच तो मिळतो. विनंती अर्ज, सगळ्या मार्कशीटच्या झेरॉक्स, ओळखपत्र आणि शुल्क भरल्याची पावती सोबत लागते. मूळ मार्कशीट दाखवायला न्या, जमा करू नका. पोर्टलवर अर्ज असेल तर पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) आणि नावाचं स्पेलिंग मार्कशीटप्रमाणेच टाका. परदेशी प्रवेशासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा, मागतात. त्याचा अर्ज वेगळा, आणि बऱ्याचदा सीलबंद पाकिटाची मागणी असते, तेव्हा दोन्ही एकाच फेरीत उरका.

अर्ज भरताना आकडा वर ओढू नका. बँक भरतीच्या जाहिरातींत ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.